भाऊ, खांदा दुखतो म्हणायचं होतंस

भाऊ, तू जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि माझा राग उतरलेला नाही. उतरेल असं वाटलं होतं. तेरवीपर्यंत माणूस कामात असतो, घरात पाहुणे असतात, रडायला सोबत असते. तेरवी झाली, मांडव निघाला, मी नागपूरला ड्यूटीवर आले, आणि आता रोज हात धुताना, बसमध्ये उभी असताना तुझ्याशी भांडते आहे. परवा बसमधली एक बाई विचारत होती, कोणाशी बोलता? भावाशी, म्हटलं. आजूबाजूला भाऊ दिसेना तशी ती जरा पुढे सरकली.

सगळे तुझं चांगलंच बोलतात. आपल्या जाम गावच्या चौकात ट्रकच्या सुट्या भागांचं तुझं दुकान, त्यामुळे कुठकुठले ड्रायव्हर तुला ओळखायचे. तेरवीला दोघं जण ट्रक बाजूला लावून आले, पंगतीत बसले, आणि जाताना एक जण मला म्हणाला, "सेठ बडा सीधा आदमी था, दीदी." मी मान हलवली. मनात म्हटलं, सीधा? या माणसाच्या पोटात रक्त साचत होतं आणि तो अडीच तास माझ्या तोंडाकडे बघून 'काई नाई' म्हणत होता. मग वाकडा कोणाला म्हणायचं?

तू आतल्या गाठीचा होतास. हे मला आधीपासून माहीत होतं, हाच तर संताप आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याखाली बोट चेंगरलं तेव्हाचं आठवतं? मी दिवाळीला आले होते. तू बोटाला तेलकट फडकं गुंडाळून दोन गिऱ्हाइकं पुरी केलीस आणि मग घरात येऊन म्हणालास, "सुमे, पाह्य बरं हे, जरासं लागलं." नख निघून आलं होतं. मी टाके घालायला घेऊन गेले, रस्ताभर तुला बोलले, आणि तू हसत होतास. पण खरं सांगू, मलाही तेव्हा कौतुकच वाटलं होतं. हॉस्टेलला परत गेल्यावर मैत्रिणींना मीच फुशारकीनं सांगितलं की माझा भाऊ टाके घालताना हूं की चूं करत नाही. अशी कौतुकं करून करूनच आम्ही तुला बिघडवलं.

आणि तरी, मी सिस्टर झाले ती तुझ्यामुळे. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. घरात सगळे तोंड वाकडं करून बसले होते, दुकानदाराची पोरगी लोकांचं मलमूत्र काढणार म्हणून. काका तर बोलायचेच बंद झाले. तू कोणाशी वाद घातला नाहीस. एका ओळखीच्या ट्रकमध्ये माझी पेटी चढवलीस, मला केबिनमध्ये बसवलंस, स्वतः दाराशी अर्धवट बसलास आणि नागपूरला हॉस्टेलच्या फाटकापर्यंत नेऊन सोडलंस. "कोनी काई म्हनलं त मले सांगजो," एवढंच म्हणालास. त्या दिवसापासून मला काही झालं तर मी तुला सांगायचं, असं ठरलं होतं. तुला काही झालं तर तू मला सांगायचं, हे वेगळं ठरवायला हवं होतं का?

सगळं सुरू झालं चौकातल्या रक्तदानापासून. या वर्षी तू पहिल्यांदाच दिलंस, आणि रक्तपेढीचं पत्र आलं की रक्तात कावीळ ब आहे. कुठून आली कोण जाणे. एकाच सुईनं अख्ख्या गावाला टोचणारे कंपाउंडर आपल्या लहानपणी काही कमी नव्हते. पुढच्या तपासण्या झाल्या आणि वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, लिव्हर किती खराब झालंय ते बघून औषध ठरवू, त्यासाठी लिव्हरचा तुकडा काढून तपासावा लागेल. तुकडा म्हटल्यावर वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मग मी रविवारी येऊन स्वयंपाकघरात तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. बरगड्यांच्या मधून सुई आत जाते, क्षणभर श्वास धरायचा, सुई बाहेर येते, तिच्यात शेवईएवढा तुकडा असतो. नंतर दोन तास उजव्या कुशीवर आणि मग दिवसभर पडून राहायचं. लघवीलासुद्धा उठायचं नाही. फार थोड्या लोकांना आतल्या आत रक्त जातं. ते बाहेर दिसत नाही. पोट दुखतं, नाहीतर उजवा खांदा दुखतो. खांदा कसा काय, असं तू विचारलंस. म्हटलं, आत रक्त साचलं की वरच्या पडद्याला लागतं आणि दुखतं मात्र खांद्यात. "खांदा दुखला की पहिलं मला सांगायचं," असं मी दोनदा म्हटलं. वहिनी साक्षीला आहे.

"आन् गेलंच रक्त तर पोट फाडता का?" तू विचारलंस.

मग मी माझ्या खोलीतलं काम सांगितलं. मी ज्या खोलीत उभी असते तिथे पोट फाडत नाहीत. जांघेतल्या धमनीत एक बारीक भोक, त्यातून शेवईसारखी लवचीक नळी वर सरकवत लिव्हरच्या धमनीपर्यंत न्यायची. औषध सोडलं की पडद्यावर सगळ्या नसा काळ्या उमटतात, आणि जिथून गळतं तिथे डाग पसरतो. तिथेच नळीतून जिलेटिनच्या स्पंजचे कण सोडायचे, किंवा बारीक तारेची गुंडाळी, आणि तेवढीच फांदी बंद करायची. लिव्हरला दुसऱ्या वाटेनंही रक्त मिळतं, त्यामुळे ते मरत नाही. पेशंट जागा असतो, बोलत असतो. दुसऱ्या दिवशी चहा पितो.

तू मांडीवर थाप मारलीस. "म्हंजे टायर न काढता पंक्चर!"

इतकं नेमकं मला आमच्या खोलीतल्या डॉक्टर सरांनीही कधी सांगितलं नव्हतं. नंतर मी ते नव्या मुलींना शिकवताना तुझ्या नावानं सांगायची. तुला सगळं कळलं होतं, भाऊ. अडाणी माणसाचं झालं असतं तर मी त्याच्या अडाणीपणावर रडले असते. तुला मी स्वतः शिकवलं होतं आणि तू धडा बरोबर म्हणून दाखवला होतास.

मी म्हटलं होतं, सुई नागपूरला टोचून घे, माझ्यासमोर. यावरून आपलं जे वाजलं ते अजून संपलेलं नाही. "अवं, वर्धा पाऊन तासात. नागपूरले गेलो का पुरा दिवस गेला. आन् तुह्या दवाखान्यात सारे मले पाह्यतेत, सिस्टरचा भाऊ, सिस्टरचा भाऊ. मले कसंतरीच होते." शेवटी मीच नमले. म्हटलं, ठीक, वर्ध्याला कर, मी रजा काढून येते. आले होते ना? तुझ्या उशाशी बसले होते.

त्या डॉक्टरांवर राग काढायचा मी फार प्रयत्न केला. सापडलं नाही काही. पोरगेलासा डॉक्टर, पण हात चांगला. रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी केल्या होत्या, सोनोग्राफीवर बघून सुई घातली. मी विचारलं, सुईच्या वाटेत स्पंजचा बूच मारून येता का? तो म्हणाला, सिस्टर, रक्त गोठत नाही त्यांना मारतो, नाहीतर मानेच्या शिरेतून जाऊन तुकडा काढायला पाठवतो, यांचे रिपोर्ट चांगले आहेत. बरोबरच बोलला. म्हणून राग फिरून फिरून तुझ्याकडे येतो.

साडेअकरा वाजता मी तुकड्याची बाटली घेऊन पॅथॉलॉजीत गेले. ती इमारत लांब, खिडकीशी रांग. एक तास लागला असेल. त्या एका तासात काय झालं ते मला वहिनीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता.

तुझ्या लेकीचे, अश्विनीचे, होणारे सासरे आणि सासूबाई हिंगणीहून वर्ध्याला साड्या बघायला आले होते. दुकानात फोन केला, कळलं की तू दवाखान्यात, तसे केळी घेऊन भेटायला आले. व्याही दारात दिसले आणि तू उठून बसलास. शर्ट चढवलास, चिकटपट्टी दिसू नये म्हणून खालच्या गुंडीपर्यंत लावलास. खुर्ची पुढे केलीस. चहा मागवलास. "कायचं काय जी, गॅस झाले जरा. उद्या सुट्टी हाय. रविवारी साखरपुड्याची तारीख काढून टाकू." आणि चहा झाल्यावर त्यांना पोचवायला निघालास. पहिल्या मजल्यावरून जिना उतरून, व्हरांडा ओलांडून, फाटकापर्यंत. रिक्षा थांबवलीस, त्यांना बसवलंस, नमस्कार केलास.

"मी डोयानं म्हनत होती उठू नका उठू नका," वहिनी म्हणाली. "तोंडानं कशी म्हनू सुमनबाई? व्याही समोर बसले होते."

वर येताना तू कठडा धरून दोनदा थांबलास. गादीवर पडल्यावर उजवा खांदा चोळलास. वहिनीनं विचारलं, सुमनबाईला सांगू का? तू म्हणालास, "तिले सांगू नोको. बोंब मारन साऱ्या वार्डात. कुशीवर पडून आंग अवघडलं, बाकी काई नाई."

साऱ्या वार्डात मी बोंब मारली असती, हे खरं आहे. मारलीच असती. त्यासाठीच तर आले होते मी तिथे!

मी परत आले तेव्हा तू कुशीवर शहाण्या मुलासारखा पडला होतास. टेबलावर केळी होती. मी विचारलं, कोण आलं होतं? "हिंगणीचे." उठला नव्हतास ना? "नाई." वहिनीनं मान खाली घातली आणि मला वाटलं ती थकली आहे. दुखतंय का? नाई. खांदा? नाई. दर अर्ध्या तासानं विचारलं. मला तुझ्या प्रत्येक 'नाई'चा आवाज आठवतो. नाडी जरा वाढत होती, तिथल्या सिस्टरनं कागदावर लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. म्हटलं, घाबरलाय. चौदा वर्षांची नोकरी माझी. दुसऱ्या कोणाचा पेशंट असता तर मी डॉक्टरला बोलावलं असतं. पण तू नाही म्हणत होतास आणि मी तुझं ऐकत होते.

तीन वाजता तू पांढरा पडलास. घाम, हात गार. सोनोग्राफीत पोटभर रक्त. मग सगळ्यांनी पळापळ केली, मी कोणाला नावं ठेवणार नाही. रक्ताच्या बाटल्या लावल्या, सर्जन आले, म्हणाले एवढं रक्त गेल्यावर पोट उघडलं तर टेबलावरच जातील, नळीनं बंद करणारं जवळपास नागपूरलाच. मी आमच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, घेऊन या, मी खोली तयार ठेवतो. अँब्युलन्समध्ये तुझा हात माझ्या हातात होता. सेलूच्या पुढे तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "सुमे, खांदा लई दुखते वं." तेव्हा सांगितलंस.

मला तिथेच तुझ्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. देवाशपथ, वाटली.

आणि मग ते सगळं तसंच झालं जसं मी स्वयंपाकघरात सांगितलं होतं. सर म्हणाले, सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा, दुसरी कोणी येईल. मी म्हटलं, दुसरीला यायला वेळ लागेल. मी गाऊन घातला. जांघेत भोक, नळी वर. औषध सोडलं आणि पडद्यावर तुझ्या लिव्हरची धमनी उमटली, झाडासारखी, आणि एका फांदीच्या टोकाशी डाग पसरायला लागला. मी कात्रीनं स्पंजचे साबुदाण्याएवढे तुकडे केले. नळीतून गेले. पुन्हा औषध सोडलं. डाग नाही. सर म्हणाले, बंद झालं. घड्याळ बघितलं तर पाऊण तासही लागला नव्हता. टायर न काढता.

पण टायरमध्ये हवाच उरली नव्हती, भाऊ. तासन्‌तास रक्तदाब खाली राहिलेला, किडन्यांनी आधी हात टेकले, मग लिव्हरनं. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. मी सरांना विचारलं, तो जिना उतरला म्हणून झालं का? सर म्हणाले, "तसं म्हणता येत नाही सिस्टर. झोपून राहिले असते तरी रक्त गेलं असतं कदाचित. पण बारा वाजता कळलं असतं तर दोनला इथे असते." दोनला आला असतास तर दुसऱ्या दिवशी चहा पीत बसला असतास आणि मी तुला शिव्या देत बसले असते. मला त्या शिव्या द्यायच्या होत्या. त्या तशाच राहिल्या आहेत.

तुकड्याचा रिपोर्ट तेरवीच्या आदल्या दिवशी आला. आजार फार पुढे गेलेला नव्हता. गोळ्यांवर भागलं असतं.

तेरवीला हिंगणीचे व्याही आले. पंगत उठल्यावर पुरुष माणसं मांडवात बसली होती, मी पानाचं तबक घेऊन गेले. ते सगळ्यांना सांगत होते, "इतका आजारी मानूस, पन आमाले फाटकापर्यंत पोचवाले आला. रिक्षात बसवून देल्ल्याशिवाय हटला नाई. असा मानाचा मानूस पाह्याले भेटत नाई आता." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी वा वा म्हणालं.

माझ्या हातातलं तबक खाली पडलं की मी आपटलं, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "तेनंच मेला तो! पोटात सुईचं भोक घेऊन तुम्हाले पोचवाले गेलता. गॅस नाई झाले होते त्याले. लिव्हरचा आजार होता. दारूचा नाई, रक्तातल्या काविळीचा. आणि खांदा दुखत होता तरी बोलला नाई, बात तुमच्या कानावर जाईन म्हणून."

वहिनी आतून धावत आली आणि माझा दंड धरला. व्याही खाली पडलेल्या पानांकडे बघत होते. म्हातारा माणूस, डोळे भरले होते. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं असतं तर आम्ही काय परके होतो? तसं म्हणाले असते तर मी त्यांच्यावर आणखी चिडले असते. ते म्हणाले, "खोटं काऊन बोलू बाई. तवा सांगतलं असतं तर आमी दारूच समजलो असतो. पोरगी केली नसती." मग टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मानूस त वाचला असता."

त्यांचा मला राग आला नाही. अश्विनीनं मात्र मागून विचारलं, "आत्या, पन बाबानं लपवलं काऊन? ते तर कोनाले भेत नव्हते." मी खाली बसून पानं वेचत राहिले.

उत्तर तुला माहीत आहे. पत्र आलं त्या रविवारी, त्याच स्वयंपाकघरात, तू म्हणाला होतास, "काऊन लपवाचं वं? मी दारूचा थेंब तोंडाले लावला नाई, मले कायचं भेव? व्याह्याले सांगून टाकतो सरळ." तू सांगायला निघाला होतास. फोन हातात घेतला होतास. आणि तुझ्या हातातून तो नवा मोबाईल मी काढून घेतला. मी म्हटलं, वेडा आहेस का? लिव्हर म्हटलं की लोक दारू म्हणतात, मी दवाखान्यात रोज बघते. अश्विनीचं ठरतंय. गॅसेस म्हण. कोणालाही पत्ता लागू द्यायचा नाही. वहिनीची शपथ घ्यायला लावली तुला. व्याही काय म्हणतील ते मी अगदी बरोबर ओळखलं होतं, भाऊ, आणि आता त्या हुशारीचं काय करू?

आयुष्यात तू माझं एक ऐकलं नाहीस. बोट चेंगरल्यावर दुकान बंद कर म्हटलं, केलं नाहीस. नागपूरला सुई टोचून घे म्हटलं, घेतली नाहीस. हे एवढं मात्र अक्षर न् अक्षर पाळलंस.

येत्या रविवारी मी जामला जाते आहे. अश्विनीला समोर बसवून सांगणार आहे की लपवायला तिच्या आत्यानंच लावलं. ती काय करेल माहीत नाही. बोलणं टाकेल कदाचित, काकांसारखं. टाकू दे. पण त्याआधी तुला एक सांगायचं राहिलंय आणि तू ते ऐकून घे, मध्ये हसू नकोस.

मी लोकांपासून लपव म्हटलं होतं रे. माझ्यापासून नाही.